वाळूतले अदृश्य सफाई कामगार

उन्हाळ्यात शहापूर-मुरबाड भागातले ओढे आटले, की पाड्यांवरच्या बाया पात्रातल्या वाळूत खड्डा करतात. त्यात झिरपून येणारे पाणी शेजारच्या डबक्यातल्या पाण्यापेक्षा नितळ असते. वाळू गाळ अडवते, हे याचे सोपे उत्तर. पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्या शोधाची एक वाट समुद्राचे पाणी काचेच्या पेटीत टिकवण्याच्या खटाटोपातून जाते.

१८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, तेव्हा पाणी खराब होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या. प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. १८६४ साली जर्मनीतील हाम्बुर्ग शहरात मत्स्यालय उघडले, तेव्हा विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी हेच काम पंपावर सोपवले. टाक्यांतले पाणी अंधाऱ्या हौदात जाई आणि पुन्हा वर येई. पाणी फेकून न देता तेच वर्षानुवर्षे वापरता येते, हे त्यातून दिसले.

पण हवेमुळे पाण्याला ऑक्सिजन मिळतो. माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचे काय होते? उत्तर मत्स्यालयात नव्हे, सांडपाण्यात सापडले. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी संथपणे सोडले. सुमारे वीस दिवस अमोनिया होता तसाच बाहेर येत राहिला. मग तो नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच ही क्रिया थांबली. नुसती रासायनिक क्रिया असती, तर तिला वीस दिवस थांबावे लागले नसते, आणि क्लोरोफॉर्मने ती बंदही पडली नसती. वाळूत कोणीतरी जिवंत होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे केले. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट.

१८९२ साली शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. त्याच वर्षी हाम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. माशांच्या पाण्याची इतकी काळजी घेणारे ते शहर स्वतः एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पीत होते. शेजारचे आल्टोना गाव तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, अधिक घाण पाण्यावर होते. पण ते पाणी वाळूच्या थरातून संथपणे गाळून घेई. ते गाव बहुतांशी वाचले. अशा गाळणीत वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय धरते. रोगजंतू अडवण्याचे काम मुख्यतः ती करते. दिसायला घाण, पण कामाची!

प्रवाळांच्या मत्स्यालयाचा पुढचा इतिहास याच सूत्रावर चालला. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवण्याची पद्धत मांडली. पुढे फ्रान्समधील झाँ झोबेर यांनी वाळूचा जाड थर वापरला. वरच्या थरात ऑक्सिजन असतो, तेथे नायट्रेट तयार होते. खाली ऑक्सिजन कमी असतो, तेथे दुसरे जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवतात. म्हणून अशी टाकी 'चकचकीत' धुणे म्हणजे सफाई कामगारांनाच हाकलणे होय. पाण्याचा थोडा भाग नियमित बदलावा. गाळणी टाकीतून काढलेल्याच पाण्यात खंगाळावी, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते.

हा प्रयोग शाळेत करता येईल. दोन बाटल्यांची बुडे कापून त्या उलट्या टांगा. एकीत ओढ्याची ताजी वाळू भरा, दुसरीत तीच उकळून गार केलेली. मासे ठेवलेल्या भांड्यातले पाणी दोन्हींतून रोज थेंबथेंब सोडा. मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळणाऱ्या संचाने अमोनिया आणि नायट्रेट तपासत राहा. तीन-चार आठवडे धीर हवा. काही दिवसांनी उकळलेली वाळूही काम करू लागली, तर 'जिवाणू आले कोठून?' हे मुलांनाच विचारा. हे पाणी मात्र पिऊ नये. झिऱ्याचे पाणीही उकळूनच प्यावे, कारण उथळ वाळूवर रोगजंतूंच्या बाबतीत विसंबता येत नाही.

तानसा आणि भातसा ही मोठी धरणे ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे ओढ्यातली वाळू हा बांधकामाचा माल तर आहेच. पण ती पाणी साठवणारी टाकी आणि जिवंत गाळणीही आहे. ट्रक भरून वाळू गेली, की तिच्याबरोबर हे दोन्ही जाते.