दाबाचा इतिहास : जॅझ गिटार आणि हळुवार कॉम्प्रेसर

'कॉम्प्रेसर' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो फ्रीजचा किंवा पंक्चरवाल्याच्या दुकानातला. ध्वनीच्या क्षेत्रातला कॉम्प्रेसरही दाबण्याचेच काम करतो. फक्त तो हवा नव्हे, लहान-मोठ्या आवाजांतले अंतर दाबतो. मोठा स्वर थोडा खाली आणायचा आणि मग सगळाच आवाज थोडा वर उचलायचा. परिणामी हलका स्वर जोरकस स्वराच्या जवळ येऊन बसतो. जॅझ गिटारसाठी असे पेडल घरी जुळवायचे तर कोणते सर्किट निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता सोल्डरिंगचा आहे. परंतु त्याच्या आधी दुसरा प्रश्न उभा राहतो : बोटाच्या जोराचा चढउतार हाच ज्या संगीताचा उच्चार, तिथे चढउतार दाबणारे यंत्र मुळात हवे कशाला?

जॅझमधील गिटारचा इतिहास हा बराचसा ऐकू न येण्याचा इतिहास आहे. काउंट बेसींच्या वाद्यवृंदात १९३७ साली दाखल झालेले फ्रेडी ग्रीन १९८७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिथेच होते. ते प्रामुख्याने विजेविना गिटार वाजवीत. पितळी वाद्यांच्या गर्दीत ते ऐकू येण्यापेक्षा जाणवत अधिक. गिब्सन कंपनीने १९३६ साली ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली आणि १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्याकडे आलेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी ती हाती घेऊन गिटारला सॅक्सोफोनसारखी एकेरी स्वरांची सलग वाक्ये बोलायला लावली. १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचा अंत झाला. इतक्या थोड्या काळात एखाद्या वाद्याचे व्याकरण बदलल्याची उदाहरणे फार नाहीत.

इथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे, लहान आणि तुटपुंज्या ताकदीचे होते. जोराने छेडलेला स्वर त्यात पोहोचला की व्हॉल्व्हना तेवढी झेप पेलत नसे, वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर बसत असे आणि स्वराचे टोक आपोआप गोलावत असे. म्हणजे कॉम्प्रेशन तिथे होतेच. ते यंत्राच्या दुबळेपणातून आलेले होते, एवढेच. शिवाय आपण ज्या तबकड्या ऐकून 'नैसर्गिक' जॅझ गिटारची कल्पना मनात बाळगतो, त्यांच्यावर मुद्रणफितीच्या आणि तबकडी कोरण्याच्या मर्यादांचे संस्कार झालेले असतात. पुढे ट्रान्झिस्टरचे, वजनाला हलके आणि आवाजाला स्वच्छ अ‍ॅम्प्लिफायर आले. १९७० नंतर पॉलिटोनसारखे अ‍ॅम्प अनेक जॅझ गिटारवादकांनी आपलेसे केले. त्यांनी स्वर प्रामाणिकपणे मोठा केला, पण जुना गोलावा दिला नाही. हळुवार कॉम्प्रेसरची गरज मला इथे दिसते. तो नवा अलंकार नाही. हरवलेल्या दोषाची ती भरपाई आहे.

मुद्दाम घडवलेला कॉम्प्रेसर मात्र संगीतासाठी जन्मला नाही. रेडिओच्या प्रक्षेपकाला अचानक मोठा आवाज सोसत नसे, म्हणून १९३० च्या दशकात त्याला लगाम घालणारी यंत्रे आली. त्या घराण्यातले सर्वांत मवाळ यंत्र म्हणजे जेम्स लॉरेन्स यांनी टेलिट्रॉनिक्ससाठी रचलेले, १९६० च्या दशकातले एलए-२ए. त्यात आवाज आधी प्रकाशात रूपांतरित होतो : स्वर जितका मोठा, तितकी आतली चकती अधिक उजळते. समोरच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध उजेडाने घटतो आणि त्या प्रमाणात आवाज खाली येतो. गंमत अशी की या घटकाला उजेडाची आठवण राहते. स्वर ओसरल्यावर दाबाचा अर्धा भाग सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला मात्र काही सेकंद रेंगाळत जातो. आणि जितका वेळ तो उजेडात होता, तितका अधिक रेंगाळतो. कानाला हे पकड सैल होण्यासारखे वाटते, झटका बसल्यासारखे नाही.

पायाखालच्या पेटीत हे तंत्र येण्याआधी दुसरीच तंत्रे लोकप्रिय झाली. १९७० च्या दशकातले एमएक्सआर कंपनीचे 'डायना कॉम्प' आणि त्याचा जवळचा नातलग 'रॉस' यांचा जीव आरसीएच्या सीए३०८० या चिपमध्ये होता. ही चिप थोडासाच संकेत विकृतीविना पेलते. म्हणून तो आधी बारीक करून मग पुन्हा फुगवावा लागतो, आणि त्यासोबत खरखरही फुगते. स्वराच्या आरंभी एक 'टक्' आणि मागे लांबवलेली शेपटी, हा त्याचा स्वभाव. कंट्री आणि फंक वादकांना तो प्रिय झाला, आणि योग्य कारणाने. जॅझमधल्या जाड तारांच्या, गडद स्वराला मात्र तो परक्या छंदात बसवलेल्या ओवीसारखा वाटतो. या चिपचे मूळ उत्पादन आता थांबलेले आहे, हेही घरी जुळवणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

डॅन आर्मस्ट्राँग यांचा 'ऑरेंज स्क्वीझर' त्याच दशकातला. एकही बटण नाही, आणि आवाज आवरणारा घटक म्हणजे एक जेफेट ट्रान्झिस्टर. सर्किट इतके आटोपशीर की नवशिक्यालाही मोह व्हावा. पण एकाच छापाचे दोन जेफेट एकमेकांसारखे वागत नाहीत. प्रत्येकाचा कल आतल्या ट्रिमरने जुळवून घ्यावा लागतो. शिवाय दाबाची पातळी ठरलेली असल्यामुळे जोरकस हम्बकर पिकअप जोडला की तो सौम्य राहत नाही. जॅझवाल्यांच्या गिटारींवर बहुधा तसेच पिकअप असतात.

राहता राहिला प्रकाशाचा मार्ग. क्रेग अँडरटन यांचे 'इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स' हे पुस्तक १९७५ साली निघाले आणि हौशी वादकाच्या हाती प्रकाशावर चालणारा कॉम्प्रेसर आला. माझी निवड याच परंपरेतली आहे. साहित्य अगदी साधे : टीएल०७२ ही दुहेरी ऑप-अ‍ॅम्प चिप, एक एलईडी, एक एलडीआर, नऊ व्होल्टची बॅटरी. लॅमिंग्टन रोडवर हे सारे एका फेरीत मिळावे. फक्त एलडीआर चार-सहा घ्यावेत, कारण त्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. मीटर लावून अंधारातला आणि उजेडातला रोध मोजावा आणि उजेड गेल्यावर जो सावकाश पूर्वपदावर येतो तो ठेवून घ्यावा. नंतर एलईडी आणि तो समोरासमोर ठेवून काळ्या नळीत बंद करावेत. फट राहिली तर खोलीतला दिवाही तुमच्या संगीतात भाग घेईल!

या पेडलवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो जिम हॉल यांच्यासारख्या वादकाला स्मरून घेतलेला. १९६२ साली बिल इव्हान्स यांच्या पियानोसोबत त्यांनी ध्वनिमुद्रित केलेला 'अंडरकरंट' हा संग्रह कुजबुजीवर उभा आहे. कुजबूज आणि उच्चार एकाच पातळीवर आले, तर तिथे उरेल काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच पेडलमध्ये मूळ, न दाबलेला स्वर मिसळण्याची सोय असायलाच हवी असे मी म्हणतो. छेडण्याचा पहिला क्षण मूळ स्वरातून येतो, विरत जाणारा भाग दाबलेल्या स्वरातून थोडा आधार घेतो. दोनास एक या प्रमाणात दाबले तर उंबरठ्याच्या वर दहा डेसिबल गेलेला स्वर पाच डेसिबलच वर राहतो. जॅझसाठी इतकी घटही जास्तच म्हणावी, तीन-चार डेसिबलची पुरे.

पातळी ठरवताना गिटार नेहमीच्या साथीच्या जोराने वाजवावी आणि एलईडी जेमतेम लुकलुकेल तिथे बटण ठेवावे. मग अंगठ्याने एकच हलका स्वर छेडावा. त्या वेळी दिवा लागत असेल, तर बटण अजून मागे घ्यायचे आहे.