सिंधूच्या पात्रातील बेटे आणि उल्हासनगरच्या बॅरकी

१/ उल्हासनगर कॅम्प ४. लालचक्की, कुर्ला कॅम्प, मराठा सेक्शन, सुभाष टेकडी. येथील जुन्या पत्त्यांत आजही 'बी. के. नंबर' लिहितात. बी. के. म्हणजे बॅरक. याच परिसरातील अनेक सिंधी दुकानांच्या गल्ल्यावर एक तसबीर असते : पांढरी दाढी, हाती ग्रंथ, खाली कमळ आणि मासा. हा झूलेलाल. ज्या नदीतून तो आला, असे त्याचे भक्त मानतात, त्या नदीतील बेटांची आणि त्यांच्या आठवणीवर उभ्या राहिलेल्या एका ओळखीची ही कथा आहे.

२/ उल्हासनगरपासून सरळ रेषेत सुमारे एक हजार किलोमीटरवर, आजच्या पाकिस्तानातील उत्तर सिंधमध्ये, सक्खर आणि रोहरी ही जुळी शहरे सिंधूच्या दोन तीरांवर वसली आहेत. सपाट मैदानातून वाहणारी ही विशाल नदी येथे चुनखडीच्या टेकड्यांमध्ये अरुंद होते. पात्राच्या मधोमध खडकाळ बेटे आहेत. त्यांपैकी तीन इतिहासात गाजली : बक्खर, ख्वाजा खिज्रचे बेट आणि साध बेलो.

३/ बक्खर हे किल्ल्याचे बेट. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती नदीची वाट. शेरशाहाकडून पराभूत होऊन सिंधमध्ये आलेल्या हुमायूनला हा किल्ला घेता आला नाही. १५७४ मध्ये तो अकबराच्या ताब्यात गेला. १८३९ मध्ये अफगाणिस्तानच्या स्वारीवर निघालेल्या इंग्रजांनी तो घेतला. १८८९ मध्ये लॅन्सडाउन पूल बांधला गेला आणि रेल्वे बक्खरवरून नदी ओलांडू लागली. त्याआधी डबे नावेवर चढवून पलीकडे न्यावे लागत.

४/ दुसरे बेट अगदी लहान. तेथे ख्वाजा खिज्रचे स्थान होते. इस्लामी परंपरेत खिज्र हा पाण्याचा आणि वाट चुकलेल्यांचा रक्षक. सिंधचे हिंदू त्याच स्थानी 'जिंदा पीर' म्हणून नमस्कार करीत आणि त्यालाच उडेरोलाल, म्हणजेच झूलेलाल मानीत. नाव पाण्यात लोटताना मुसलमान नावाडी आणि हिंदू व्यापारी एकाच रक्षकाचे स्मरण करीत. नावे तेवढी वेगळी.

५/ तसबिरीतील मासाही याच नदीचा आहे. सिंधीत पल्लो, मराठीत पाला, बंगालीत इलिश. हा मासा समुद्रातून अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध नदीत चढतो. लोकसमजूत अशी, की तो जिंदा पिराच्या दर्शनासाठी सक्खरपर्यंत जातो आणि दर्शनानंतरच त्याच्या अंगाला रुपेरी चमक येते. नदीवर जगणाऱ्या लोकांनी माशाच्या स्वभावालाच तीर्थयात्रा मानले.

६/ मात्र या सामायिक श्रद्धेचे सोनेरी चित्र रंगवणे योग्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेटावरील स्थानाच्या हक्कावरून दोन्ही समाजांत वाद झाला. स्थान मुसलमानांकडे राहिले आणि हिंदूंनी सक्खरच्या काठावर जिंदा पिराचे वेगळे देवस्थान उभारले. देव एक असला तरी मालकीचा प्रश्न फाळणीच्या कितीतरी आधी उभा राहिला होता.

७/ तिसरे बेट साध बेलो. १८२३ मध्ये बाबा बनखंडी या उदासी साधूंनी येथे आश्रम स्थापन केला. उदासी पंथ गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांना आपले आद्य पुरुष मानतो. त्यामुळे येथे गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ आणि हिंदू देवतांची पूजा शेजारी शेजारी चाले. हीच सिंधी हिंदूंची सर्वसाधारण रीत होती : नानकांवर श्रद्धा, घरात देवघर आणि अडीअडचणीला एखाद्या पिराचा दर्गा. कोणत्याही एका चौकटीत न बसणारा हा धर्माचार होता.

८/ या बेटांचा मुंबईशी काय संबंध? १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला. १८५३ मध्ये सिंधीसाठी ५२ अक्षरांची अरबी-फारसी धाटणीची लिपी निश्चित झाली, ती याच राजवटीत. १९३२ मध्ये या बेटांच्या थोडे खाली सिंधूवर जे प्रचंड धरण पुरे झाले, त्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव मिळाले. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. तोवर सुमारे नव्वद वर्षे पुणे आणि सक्खर एकाच इलाख्यात होते.

९/ १९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध अखंडपणे पाकिस्तानात गेला. पंजाबी किंवा बंगाली निर्वासिताला आपल्या भाषेचा अर्धा प्रदेश तरी सीमेच्या अलीकडे सापडला. सिंधी हिंदूला तसा एक जिल्हाही मिळाला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि स्थलांतराला वेग आला. कराचीहून सुटणाऱ्या आगबोटींतून हजारो कुटुंबे मुंबईच्या बंदरात उतरली.

१०/ त्यांतील सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बॅरकींत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांनी आपापला कोपरा आखून घेतला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवली गेली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले.

११/ बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे 'सिंधी' दिसले. प्रत्यक्षात शिकारपूरचा सावकार, हैदराबादचा आमिल, दक्षिण सिंधचा लाडी बोलणारा शेतकरी आणि सक्खरचा दुकानदार यांची बोली, जात, गुरू आणि पीर वेगवेगळे होते. सिंधमध्ये असताना आपण 'सिंधी' आहोत, हे सांगण्याची गरज त्यांना क्वचितच पडली होती. ठाणे जिल्ह्याच्या मराठी मुलखात, कॅम्पच्या रांगेत, ती रोज पडू लागली. सर्वांना आपले वाटेल असे एक चिन्ह हवे होते.

१२/ ते चिन्ह घडवण्यात मोठा वाटा प्रा. राम पंजवाणी यांचा. लेखक, गायक आणि मुंबईच्या जय हिंद महाविद्यालयातील प्राध्यापक असलेले पंजवाणी मटक्यावर ठेका धरून गात आणि सिंधी वस्त्यांमध्ये झूलेलालचे नाव जागवत फिरत. सिंधमध्ये झूलेलाल हा अनेक दैवतांपैकी एक होता. भारतात तो साऱ्या समाजाचा इष्टदेव झाला. गुढीपाडव्याच्या सुमारास येणारा चेटीचंड हा सिंधी नववर्षदिन आणि सिंधीपणाचा दिवस म्हणून मोठ्या प्रमाणावर साजरा होऊ लागला.

१३/ ही निवड समजण्यासारखी होती. दर्गा किंवा आश्रम सोबत आणता येत नाही. नदीचा देव मात्र पाणी असेल तेथे प्रकट होऊ शकतो. बहराणा म्हणजे कणकेचा दिवा, फळे आणि कलश यांची आरास. तो वाजतगाजत नेऊन जवळच्या नदीत, तलावात किंवा समुद्रात सोडतात. चालिहो हे चाळीस दिवसांचे व्रत उल्हासनगरात आजही पाळले जाते. कॅम्प ५ मधील चालिहा साहिब मंदिरातील अखंड ज्योत सिंधमधून आणली, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

१४/ परंतु या घडणीत काही गळूनही गेले. बेटावरच्या दैवताला दोन नावे होती. कॅम्पमध्ये एकच उरले. जिंदा पीर आणि ख्वाजा खिज्र मागे पडले आणि मुसलमान सुलतानाच्या जुलमातून हिंदूंना सोडवणारा अवतार, ही मिरखशाहाची आख्यायिका पुढे आली. घरदार गमावून आलेल्यांना ती जवळची वाटली, यात नवल नाही. मात्र आजच्या तसबिरीवरून जुन्या सिंधच्या श्रद्धेचा अंदाज बांधला, तर तो अर्धाच निघेल.

१५/ भाषेचा प्रश्न याहून अवघड ठरला. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. पण जिथे ती राजभाषा होईल असे राज्य नव्हते. अरबी-फारसी लिपी की देवनागरी, या वादात समाज विभागला गेला. पोटापाण्यासाठी मुले हिंदी, मराठी, इंग्रजीकडे वळली. कॅम्पमधील अनेक घरांत आजी सिंधीत बोलते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात. सण टिकला, स्वयंपाकघरातील सिंधी कढी टिकली. वाचता येणारी सिंधी मात्र आटत गेली.

१६/ तिकडे बेटेही पूर्वीसारखी राहिली नाहीत. १९५५ मध्ये सिंधूवर खालच्या अंगाला कोटरी धरण झाले आणि समुद्रातून वर चढणाऱ्या पल्ल्याची वाट अडली. आता तो जिंदा पिराच्या बेटापर्यंत पोहोचत नाही. साध बेल्याला पाकिस्तानातील सिंधी हिंदू आजही नावेने जातात आणि तेथे मेळा भरतो. उल्हासनगरच्या भाविकाला मात्र त्यासाठी व्हिसा लागतो.

१७/ २००५ मध्ये 'सिंध' हा शब्द राष्ट्रगीतातून काढावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि न्यायालयाने ती फेटाळली. कॅम्प ४ च्या रहिवाशांसाठी तो शब्द नकाशापुरता कधीच नव्हता. मराठा सेक्शनमधील गुढी आणि शेजारच्या गल्लीतील बहराणा यांच्यात आता फारतर एका दिवसाचे अंतर असते. शेजारच्यांच्या बहराण्यातला दिवा कोणत्या पाण्याची आठवण म्हणून सोडला जातो, हे गुढी उभारणाऱ्या घरांनाही ठाऊक असावे. नव्वद वर्षे तो त्यांच्याही इलाख्याचा इतिहास होता.