थेट द्वितीय वर्षाच्या पात्रता-कलमाचे भाष्य

अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश कोणाला, हे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या एका छोट्या कलमात सांगितले आहे. राज्याचे प्रवेश-नियम त्याच कलमावर उभे आहेत. जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमधून किंवा तंत्रनिकेतनातून निघालेल्या मुलाला विद्यापीठात नेणारी वाट ती हीच. माहितीपुस्तिकेत तू हे कलम वाचले असशील. आता शब्दाशब्दाने वाचू. मूळ पाठ इंग्रजी आहे. अवतरणात त्याचा मराठी आशय देतो.

“किमान तीन वर्षांची / दोन वर्षांची (थेट द्वितीय वर्ष) पदविका परीक्षा उत्तीर्ण”

‘पदविका’ म्हणजे डिप्लोमा. आपल्याकडे तो महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा. ‘उत्तीर्ण’ म्हणजे सर्व सत्रांचे सर्व विषय सुटलेले. शेवटच्या वर्षाला उत्तम टक्के आहेत, पण मागचा एक विषय राहिला आहे, असा विद्यार्थी उत्तीर्ण नव्हे.

आता तिरक्या रेघेकडे ये. तीन वर्षे कोणाची? दहावीनंतर सरळ तंत्रनिकेतनात गेलेल्याची. दोन वर्षे कोणाची? कंसच सांगतो: जो डिप्लोमालाही थेट दुसऱ्या वर्षात बसला, त्याची. दोन वर्षांचा डिप्लोमा कमी दर्जाचा, असे कोणी या रेघेवरून सुचवले तर ते ऐकू नकोस. रेघेच्या दोन्ही बाजूंना पात्रता एकच आहे.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट कोण बसतो, ते पाहण्यासाठी एक पायरी खाली उतरावे लागते. आयटीआयवाल्यासाठी तिथला नियम म्हणतो: दहावी, अधिक योग्य व्यवसायातील दोन वर्षांचे आयटीआय. यात तीन अटी आहेत. ‘दोन वर्षे’ म्हणजे फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसारखे ट्रेड. वेल्डर किंवा कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) एक वर्षाचा, म्हणून या अटीत बसत नाही. हात कितीही कुशल असला तरी नियम इथे फक्त काळ मोजतो. ‘योग्य’ म्हणजे ट्रेड आणि डिप्लोमाची शाखा यांचे नाते जुळणारे. आणि ‘अधिक’? आठवीवर वायरमनला गेलेल्या मुलाचे काय? अधिक चिन्हाने दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. त्यांचा क्रम त्याने सांगितला आहे का? माझ्या मते नाही. चिन्ह जोड सांगते, आधी-नंतर सांगत नाही. पण दहावीवाचून ही जोड पुरी होत नाही, एवढे निर्विवाद. अशा मुलासाठी दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाची ‘ट्रान्सफर ऑफ क्रेडिट’ची सोय आहे: आयटीआयचे गुण त्या मंडळाकडे वळते करून राहिलेले भाषा विषय द्यायचे आणि दहावीचे प्रमाणपत्र मिळवायचे.

मग वर्षांचा हिशेब असा होतो. बारावीमार्गे दहा, दोन आणि चार, म्हणजे 16. डिप्लोमामार्गे दहा, तीन आणि तीन, तेही 16. आयटीआयमार्गे दहा, दोन, दोन आणि तीन, म्हणजे 17. याचा अर्थ, ‘आयटीआयला गेला, वर्षे वाया गेली’ हे जे घरोघर बोलले जाते, त्यातले जादा वर्ष एकच आहे. त्या एका वर्षाच्या बदल्यात भुसावळच्या रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येईल असे प्रमाणपत्र हातात पडते.

“किमान 45 टक्के गुण; राखीव प्रवर्गास 40 टक्के”

‘किमान’ म्हणजे बरोबर 45 असले तरी पात्र. राज्याच्या नियमात सवलतीला एक विशेषण जोडलेले आहे: महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दिव्यांग उमेदवार. खानदेशात हे विशेषण सहज वाचून पुढे जाता येत नाही. शिरपूरच्या पावरा मुलाला 40 पुरतात. सीमेपलीकडच्या सेंधव्याचा, त्याच जमातीचा मुलगा शिरपूरला शिकायला आला तर त्याला 45 लागतात.

“अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या कोणत्याही शाखेत”

खालच्या पायरीवर ‘योग्य’ होते, वर आल्यावर ‘कोणत्याही’ झाले. मेकॅनिकलचा डिप्लोमाधारक संगणक शाखेला अर्ज करू शकतो, असा याचा अर्थ. करावा का, याचे उत्तर कलमात शोधू नकोस.

“किंवा बीएस्सी, किमान तेवढ्याच गुणांनी, आणि बारावीस गणित विषयासह उत्तीर्ण”

ही ओळ तुझ्यासाठी नाही, म्हणून तू ती सोडली असशील. परत वाच, सगळ्या कलमाची किल्ली इथे आहे. प्रवेशाच्या वेळी नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘बारावीला किती होते?’ आणि बारावीच नसलेला मुलगा मान खाली घालतो. कलमाचे उत्तर काय? बीएस्सीवाल्याकडून बारावीचे गणित हवे होते, ते कलमकर्त्याने स्पष्ट शब्दांत मागितले. त्याच कलमात, एक ओळ वर, डिप्लोमावाल्याकडून ते मागितले नाही. म्हणजे बारावी लिहायची राहून गेली, असे म्हणता येत नाही. जिथे हवी तिथे ती लिहिलेली आहे. डिप्लोमाच्या ओळीतले मौन जाणूनबुजून ठेवलेले आहे. सीईटीही या वाटेवर नाही. गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्या गुणांवर.

“किंवा त्याच अथवा संलग्न क्षेत्रातील डी.व्होक. उत्तीर्ण”

व्यावसायिक पदविकेचा हा पर्याय. ‘संलग्न’ म्हणजे जवळचे क्षेत्र. आपल्या भागात या ओळीने येणारे थोडे.

“(विविध पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठे गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी रेखन इत्यादींचे योग्य सेतू अभ्यासक्रम देतील)”

वाक्य कंसात आहे, म्हणून गौण समजले जाते. मी ते मुख्य मानतो. आयटीआयमार्गे आलेल्या मुलाने पहिले वर्ष दोनदा ओलांडले: एकदा डिप्लोमाचे, एकदा पदवीचे. गणिताचा पाया दोन्हीकडे मुख्यतः पहिल्या वर्षातच घातलेला असतो. ज्याने कानस चालवून लोखंडी पट्टीचे दोन तुकडे एकमेकांत बसवले आहेत आणि 0.02 मिलिमीटरच्या व्हर्नियरवर ते तपासले आहेत, तो तिसऱ्या सत्रात लाप्लास रूपांतरापुढे अडतो. कारण त्याला इंटिग्रेशन नीट शिकवलेच गेलेले नसते. हुशारी कमी पडली, असा निष्कर्ष इथे काढणे अन्याय आहे.

क्रियापद पाहा: ‘देतील’. कर्ता पाहा: ‘विद्यापीठे’. याचा अर्थ, दरी बुजवण्याचे काम विद्यार्थ्यावर एकट्यावर टाकलेले नाही. पदवी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची असो वा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची, ‘देतील’चा कर्ता तेच. कोणी म्हणेल, ‘योग्य’ या शब्दाने किती आणि कसे हे विद्यापीठावर सोडले आहे. मान्य. पण द्यायचे की नाही, हे सोडलेले नाही. तेव्हा प्रवेश निश्चित करताना विचार: सेतू वर्ग कोणत्या आठवड्यात सुरू होतो, गणित कोण शिकवते, वेळापत्रक कुठे लागले आहे? उत्तर मिळाले नाही तर लेखी अर्ज दे आणि अर्जात हे वाक्य उतरव.

राहिला ‘इत्यादी’. नावे तीनच दिली, पण यादी बंद केली नाही. घरी अहिराणी किंवा पावरी, आयटीआयत मराठी आणि पदवीची प्रश्नपत्रिका इंग्रजीत, अशा मुलासाठी तांत्रिक इंग्रजीचा वर्ग या ‘इत्यादी’त बसतो, असे माझे वाचन आहे. ‘विविध पार्श्वभूमी’ हे शब्द त्याच वाक्यात आहेत, आणि तोच या वाचनाचा आधार.