वाइल्ड, जॉनथन

(सु. १६८२–२४ मे १७२५). लंडनमधील कुप्रसिद्ध गुन्हेगार व ‘चोरपकड्या’. जन्म वुल्व्हरहॅम्प्टन येथे. त्या काळी लंडनमध्ये संघटित पोलीसदल नव्हते. ते १८२९ मध्ये स्थापन झाले. वाटमाऱ्याला पकडून त्याचा गुन्हा सिद्ध करणाऱ्यास सरकार ४० पौंड बक्षीस देई; चोरीस गेलेला माल मात्र मालकालाच शोधावा लागे. या दोन्ही गोष्टींचा वाइल्डने धंदा केला. आपल्याच हस्तकांनी चोरलेला माल मोबदला घेऊन तो मालकांना परत मिळवून देई आणि न जुमानणाऱ्या चोरांना फासावर पाठवून बक्षीसही मिळवी. त्यामुळे लोक त्याला कायद्याचा रक्षक समजत. तुरुंगफोडीसाठी गाजलेल्या जॅक शेपर्डला १७२४ मध्ये पकडून देण्यातही त्याचा हात होता. शेपर्डच्या फाशीनंतर लोकमत वाइल्डच्या विरुद्ध गेले.

चोराला न पकडता माल परत करण्याबद्दल मोबदला घेणे, हा १७१८ च्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरला होता. लेसच्या चोरीच्या आरोपातून वाइल्ड सुटला. पण ती परत मिळवून देण्यासाठी १० गिनी घेतल्याबद्दल दोषी ठरून टायबर्न येथे फाशी गेला.

जॉन गेच्या द बेगर्स ऑपेरा (१७२८) या संगीतिकेतील पीचम हे पात्र त्याच्यावरून सुचलेले आहे. हेन्री फील्डिंगने वाइल्डवरील उपरोधप्रचुर कादंबरीत (१७४३) टोळीनायक व सत्ताधीश यांच्या ‘थोरवी’ला एकच माप लावले, तिचा रोख पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोलवर होता. गेच्या कृतीवरून बेर्टोल्ट ब्रेक्टने १९२८ मध्ये रचलेल्या संगीत नाटकाचे पु. ल. देशपांडेकृत मराठी रूपांतर तीन पैशाचा तमाशा १९७८ मध्ये रंगभूमीवर आले. गुन्हेगारी व कायदा यांच्या संगनमताचा वाइल्डच्या चरित्रातील विषय अशा रीतीने मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचला.