जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा भारत सरकारच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत राबविला जाणारा उपक्रम आहे. मानसिक विकारांवरील उपचार मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयांपुरते मर्यादित न राहता जिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय व प्राथमिक आरोग्य केंद्र येथे उपलब्ध व्हावेत, हा त्याचा मुख्य हेतू होय. १९९६ साली चार जिल्ह्यांत त्याचा प्रारंभ झाला. पुढे देशातील ७०० हून अधिक जिल्ह्यांसाठी तो मंजूर झाला. असा विस्तार झाला असला, तरी गरजू व्यक्तींपैकी प्रत्यक्षात किती जणांना सेवा मिळते, हा त्याच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळापासून भारतातील मानसिक आरोग्यसेवा प्रामुख्याने मनोरुग्णालयांच्या रूपात उभी राहिली. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये याच परंपरेतील आहेत. दूरच्या खेड्यांतील रुग्णांना तेथपर्यंत पोहोचणे कठीण होते आणि दाखल झालेल्या अनेकांचा कुटुंबाशी असलेला संबंध तुटत असे.

१९७५ पासून बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने सकलवारा येथे आणि चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे ग्रामीण भागात सेवा देण्याचे प्रयोग केले. थोडे प्रशिक्षण मिळाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचारी अनेक मानसिक विकार ओळखू शकतात आणि त्यांवर उपचार करू शकतात, असे या प्रयोगांतून दिसून आले. या अनुभवाच्या आधारे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला.

बळ्ळारी येथील प्रयोग

संपूर्ण जिल्हा हा घटक मानून सेवा देता येईल का, हे पाहण्यासाठी निम्हान्सने १९८० च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, निवडक आवश्यक औषधांचा पुरवठा, सोपी नोंदपद्धती, मासिक अहवाल आणि जिल्हा स्तरावर तज्ज्ञांचे पथक ही त्याची अंगे होती. औषधांच्या यादीत तीव्र मनोविकार व नैराश्य यांवरील औषधांबरोबर अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) औषधांचाही समावेश होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची रचना याच नमुन्यावर करण्यात आली.

रचना व विस्तार

जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, संनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी आणि रुग्णनोंद साहाय्यक अशी पदे असतात. बाह्यरुग्ण व आंतररुग्ण सेवा, समुपदेशन, तालुक्याच्या ठिकाणी बाह्यसंपर्क शिबिरे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, शाळा-महाविद्यालयांतील उपक्रम आणि जनजागृती ही पथकाची प्रमुख कामे होत.

नवव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस हा कार्यक्रम २७ जिल्ह्यांत, तर अकराव्या योजनेत १२३ जिल्ह्यांत पोहोचला. १० ऑक्टोबर २०१४ रोजी राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरण जाहीर झाले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून त्यावर विविध भारतीय भाषांतून समुपदेशन मिळते.

मूल्यमापनाचे निकष

एखाद्या जिल्ह्यातील सेवेचे मोजमाप पूर्वी रुग्णालयातील खाटा, पदे, शिबिरे व बाह्यरुग्णांची संख्या यांवरून होत असे. या आकड्यांवरून सेवेचा पसारा कळतो. तिची व्याप्ती मात्र कळत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या गटातील गावांत नैराश्याने ग्रस्त अशा १०० व्यक्ती आहेत आणि त्यांपैकी २० जणच दवाखान्यात येतात, असे मानल्यास नोंदवहीत केवळ २० नावे दिसतील. उरलेल्या ८० व्यक्तींची नोंद कोठेही होणार नाही. म्हणून दवाखान्यातील नोंदींना समाजात जाऊन केलेल्या सर्वेक्षणाची जोड द्यावी लागते. गरजू व्यक्तींपैकी सेवेशी संपर्क आलेल्यांच्या प्रमाणास ‘संपर्कव्याप्ती’ आणि उपचार न मिळणाऱ्यांच्या प्रमाणास ‘उपचारदरी’ म्हणता येईल.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. सर्वेक्षणाच्या वेळी १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना एखादा मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारदरी विकाराच्या प्रकारानुसार सुमारे ७० ते ९२ टक्के इतकी मोठी होती. पाहणीतील राज्यांत दर एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण मध्य प्रदेशात ०.०५, तर केरळात १.२ होते. उपचार व प्रवास यांसाठी कुटुंबांना दरमहा साधारणतः १,००० ते १,५०० रुपये खर्च करावे लागत असल्याचेही दिसले.

सेवेचा दर्जा आणि रुग्णांचे हक्क हा मूल्यमापनाचा आणखी एक निकष आहे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली ‘क्वालिटीराइट्स’ ही साधनसामग्री प्रसिद्ध केली. निवासाची स्थिती, संमतीने उपचार, सक्ती व गैरवागणुकीपासून संरक्षण आणि समाजात स्वतंत्रपणे जगण्याची संधी यांची तपासणी तिच्या साहाय्याने करता येते. गुजरातमधील शासकीय मानसिक आरोग्य संस्थांत तिचा वापर करण्यात आला.

स्थानिक सुधारणेचे प्रयोग

विश्राम: कापूसपट्ट्यातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भात ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबविण्यात आला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी टप्प्याटप्प्याची रचना करण्यात आली. सौम्य त्रासासाठी गावातच मदत व समुपदेशन मिळे आणि गंभीर त्रास असलेल्यांना तज्ज्ञाकडे पाठविले जाई. प्रारंभी व १८ महिन्यांनंतर गावांत सर्वेक्षण करण्यात आले. नैराश्यग्रस्त व्यक्तींमधील संपर्कव्याप्ती ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेली. मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. मात्र तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरील गावे घेतलेली नसल्याने हा सर्व बदल कार्यक्रमामुळेच झाला, असे निश्चितपणे म्हणता येत नाही.

मानस: गोव्यातील ‘मानस’ प्रकल्पात तज्ज्ञ नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना प्राथमिक सेवेत नेमण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय आरोग्य केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाला.

आत्मीयता: नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात सुरू झालेल्या या उपक्रमात गावातील स्वयंसेवक शेजाऱ्यापाजाऱ्यांमधील मानसिक ताण ओळखतात, त्यांना आधार देतात आणि शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्यासही साहाय्य करतात. पुढे हा उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात राबविण्यात आला.

प्रेरणा प्रकल्प: महाराष्ट्र शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील १४ आत्महत्याप्रवण जिल्ह्यांत हा प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन प्रश्नावलीच्या आधारे ताणग्रस्त व्यक्तींचा शोध घेतात आणि त्यांना पुढील उपचारांसाठी आरोग्य केंद्राकडे पाठवितात.

कायदेशीर आधार

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवल्यामुळे मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना बाहेर पडता आले नाही आणि या दुर्घटनेत २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. शासनाने चालविलेल्या वा शासकीय साहाय्य लाभलेल्या संस्थांतून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचे त्यात म्हटले आहे. कायद्यात नमूद केलेल्या सेवा उपलब्ध नसल्यास रुग्णाला जिल्ह्यातील अन्य सेवेकडे जाता येते आणि तो खर्च शासनाने सोसावयाचा असतो. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास कायद्याने मनाई आहे.

अडचणी

तज्ज्ञांची रिक्त पदे, निधी मिळण्यातील विलंब, औषधांच्या पुरवठ्यातील खंड आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या बदल्या या कार्यक्रमातील नेहमीच्या अडचणी आहेत. तीव्र मनोविकारांवर दीर्घकाळ उपचार घ्यावे लागतात. त्यामुळे गावाजवळ औषध न मिळाल्यास प्रवासखर्च व बुडालेली मजुरी यांमुळे उपचार मध्येच थांबतात आणि आजार उलटण्याचा संभव वाढतो. सामाजिक कलंकाच्या भीतीने अनेक कुटुंबे आजार लपवितात किंवा प्रथम मांत्रिकाकडे जातात. आशा कार्यकर्त्यांवर आधीच माता-बालआरोग्य, लसीकरण इत्यादी कामांचा भार असल्याने पुरेसे प्रशिक्षण व मोबदला यांवाचून ही नवी जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यास मर्यादा येतात. रुग्ण शोधल्यानंतर जवळच्या केंद्रात औषध व समुपदेशक उपलब्ध नसल्यास घरोघरच्या पाहणीचा लाभ त्या कुटुंबापर्यंत पोहोचत नाही.