जीर्णोद्धार कशाचा?

ऐतिहासिक वास्तु राखावयाची म्हणजे तिचें नेमकें काय राखावयाचें? व्हिएन्ना शहरानें १८९६ ते १८९९ या काळांत कोळशाच्या वायूसाठीं विटांचीं चार वर्तुळाकार कोठारें बांधिलीं. उंची सुमारें ७० मीटर. नैसर्गिक वायु आल्यावर १९८४ सालीं तीं बंद पडलीं. पुढें १९९९ ते २००१ या अवधींत त्याच भिंतींच्या आंत बिऱ्हाडांची सोय झाली. तेवढ्या विटा पुन्हा भाजाव्या लागल्या नाहींत. इंधन वांचलें, हा लाभ खराच. परंतु आंतील लोखंडी टाक्या गेल्या, आणि त्यांबरोबर तेथें राबलेल्या मजुरांच्या खुणाही. उरलें तें कवच. केवळ कवचानें स्मृति राखली जात नाहीं, हें मान्य; पण तेंही पाडलें असतें, तर येथें काय होतें, हें विचारण्याचें कारणच कोणास उरलें नसतें.