जखमेवरचे यंत्र आणि त्याचा विक्रेता

वैद्यकाच्या इतिहासात संशोधकाला मानाचे पान मिळते. त्याने लावलेला शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत नेऊन पोचविणारा फिरता विक्रेता मात्र त्या इतिहासात क्वचितच भेटतो. वस्तुतः जखमांच्या उपचारांची गेल्या शंभर वर्षांतील कथा त्याला वगळून सांगताच यावयाची नाही.

अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस-खरेदीचे काम पाहणारे अर्ल डिक्सन यांनी 1920 मध्ये चिकटपट्टीवर जाळीच्या कापडाची घडी बसवून, ज्याची त्याला लावता येईल अशी पट्टी तयार केली. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीची बोटे वारंवार कापत, हे त्या शोधाचे निमित्त. ‘बँड-एड’ हे नाव पुढे जगभर झाले. परंतु पहिल्या वर्षी तिची विक्री अवघी 3000 डॉलरांची झाली. हाताने बनविलेली 18 इंच लांबीची ती पट्टी कापून कशी लावावी, हेच लोकांना उमगत नव्हते. विक्रेत्यांनी ती लावून दाखविली, बालवीरांना ती फुकट वाटण्यात आली, 1924 मध्ये ती यंत्रावर तयार होऊ लागली, आणि मग तिचा खप वाढला. या धंद्यातील विक्रेता आरंभापासून शिक्षकही होता, तो असा.

पुढे हे शिक्षकाचे काम अधिक अवघड झाले. जखम कोरडी होऊ द्यावी, खपली धरली म्हणजे ती बरी होत आली, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेले प्रयोग 1962 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते, असे त्यांना आढळले. या सिद्धान्तावर नव्या पट्ट्या निघाल्या. पण मोठमोठ्या शल्यवैद्यांना, आपण शिकलात ते आता बदलले आहे, असे नम्रपणे सांगण्याची पाळी विक्रेत्यावर आली.

यानंतरचा मोठा टप्पा निर्वात-उपचाराचा. नॉर्थ कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात लुईस आर्जेंटा आणि मायकेल मॉरिक्वास यांनी त्याचा विकास केला. जखमेत सच्छिद्र फोम भरावयाचा, वर हवाबंद पारदर्शक पडदा चिकटवावयाचा आणि नळीने पंप जोडून आतील दाब वातावरणापेक्षा सुमारे 125 मिलिमीटर पाऱ्याने कमी राखावयाचा, ही त्याची रीत. साचलेला स्राव त्यामुळे ओढला जातो आणि जखमेच्या कडा जवळ येतात. 1997 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात 300 जखमांपैकी 296 जखमांना गुण आल्याची नोंद होती. जेम्स लाइनिंगर या वैद्यांनी 1976 मध्ये स्थापन केलेल्या टेक्सासमधील कायनेटिक कन्सेप्ट्स कंपनीने या यंत्राचे हक्क घेतले. 1995 मध्ये त्याला अमेरिकी औषध प्रशासनाची अनुमती मिळाली, आणि वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमायोजनेने 2000 मध्ये घरगुती वापराचा खर्च देण्यास आरंभ केला.

यंत्र भाड्याने द्यावयाचे असल्यामुळे विक्रेत्याचे कामच पालटले. आज एका रुग्णालयात परिचारिकांना फोम कापावयास शिकवावयाचे, उद्या दुसरीकडे पडद्यातून हवा कोठे शिरते ते शोधावयाचे. आणि या सर्वांहून जड ओझे कागदपत्रांचे. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे जखमेची लांबी, रुंदी व खोली दर महिन्यास नोंदविली जावी लागते. महिनाभरात जखम मोजण्याइतकीही भरली नाही, तर भाडे थांबते. सामान्यतः चार महिन्यांनंतर ते थांबतेच. ही मोजमापे अधिकृत परिचारिका वा वैद्य यांनी करावयाची. त्यांच्या टिपणात एक आकडा राहिला, तर पैसे अडकतात कंपनीचे आणि इष्टांक हुकतो विक्रेत्याचा. दुसऱ्याच्या लेखणीवर आपली कमाई अवलंबून असावी, ही या व्यवसायातील पहिली व्यथा होय.

दुसरी व्यथा दरांची. प्रतिस्पर्धी कंपन्या यंत्रे आणू लागल्या. स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने 2007 मध्ये ब्लूस्काय ही छोटी कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले. जुलै 2013 पासून 100 महानगरी विभागांत मेडिकेअरने निविदांनी दर ठरविले. त्या फेरीत हे पंपही होते, आणि फेरीतील सर्व वस्तूंचे दर सरासरीने 45 टक्के उतरले. ज्या परिचयावर विक्रेत्याने वर्षानुवर्षे मेहनत घेतली, त्याचे मोल एका निविदेने कमी झाले. कायद्याचा आधारही तोकडाच होता. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी ‘बाहेर फिरणारे विक्रेते’ ठरतात, म्हणून त्यांना जादा वेळेचे वेतन मागता येत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी दिला.

तिसरी व्यथा अस्थैर्याची. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. कायनेटिक कन्सेप्ट्स 2011 मध्ये सहा अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला गुंतवणूकदारांच्या हाती गेली. 2019 मध्ये थ्रीएम कंपनीने ती घेतली. 2024 मध्ये थ्रीएमचा आरोग्यविभाग ‘सॉल्व्हेंटम’ या नावाने वेगळा झाला. तेरा वर्षांत धनी तीनदा बदलला. नवा धनी आला की विभागांची फेरआखणी आणि कमिशनची नवी सूत्रे यांची धास्ती विक्रेत्याला असते.

परंतु खरा पेच याहून खोल आहे. या प्रकारच्या यंत्रांबाबत 2007 पासून 12 मृत्यू आणि 174 इजा नोंदल्या गेल्याचे अमेरिकी औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2011 मध्ये जाहीर केले. मृत्यूंमागील सर्वांत गंभीर कारण रक्तस्राव हे होते. उघड्या रक्तवाहिनीवर अथवा मृत ऊतकांच्या खपलीवर हे यंत्र लावू नये, असा स्पष्ट इशारा आहे. ज्याचा इष्टांक यंत्रांच्या संख्येवर मोजला जातो, त्यानेच, ‘या जखमेला हे यंत्र नको’ असे म्हणावयाचे! शिवाय भाडे दिवसावर असल्याने जखम जितकी लवकर भरेल तितकी मिळकत लवकर थांबते. व्यापार आणि शुश्रूषा यांच्या हिताची वाट येथे फुटते.

भवितव्य मात्र अंधारलेले नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात 53.7 कोटी प्रौढ मधुमेही होते. पायाच्या चिघळणाऱ्या जखमा त्या रोगाच्या पाठोपाठ येतात. 2010 च्या सुमारास टाके घातलेल्या जखमेवर लावण्याचे आणि एकदाच वापरून टाकून देण्याचे छोटे पंप निघाले. त्यांनी भाड्याच्या हिशेबाबाहेरचा मार्ग दाखविला. यंत्रे स्वस्त होतील, धनीही बदलतील. मध्यरात्री पंपाचा इशारा वाजू लागला असता परिचारिका ज्याला निःशंकपणे दूरध्वनी करते, आणि ‘येथे यंत्र लावू नका’ असे ज्याने पूर्वी एकदा स्वतःचे नुकसान सोसून सांगितलेले असते, त्या विक्रेत्याची गरज मात्र कोणत्याही निविदेने संपावयाची नाही.